वाचनालयाच्या स्कॅनसंग्रहासाठी हार्ड डिस्क: प्रकल्प नोंदी

३ सप्टेंबर २०२३, रविवार

आमच्या पंचवटीतील वाचनालयात जुने दिवाळी अंक, स्थानिक नियतकालिके आणि काही हस्तलिखित पोथ्या स्कॅन करण्याचे काम तीन वर्षांपासून चालू आहे. आजवरची सुमारे ७४ हजार पाने चार छोट्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर विखुरलेली होती. त्यांपैकी एक डिस्क आज संगणकाला जोडली, तेव्हा तिच्यातून थांबून थांबून टकटक आवाज आला आणि ती पडद्यावर दिसलीच नाही. तिच्यावरील बहुतेक मजकुराची दुसरी प्रत आहे. मात्र एका जुन्या नियतकालिकाच्या १,१४० पानांची प्रत दुसरीकडे केलेली नव्हती. ती करून ठेवणे माझे काम होते आणि ते राहून गेले. म्हणून हे काम आता तारीखवार लिहून ठेवायचे ठरवले आहे.

१० सप्टेंबर २०२३, रविवार

किती जागा लागेल याचा हिशेब केला. आम्ही ४०० डीपीआयला (इंचाला ४०० ठिपके) रंगीत स्कॅन करतो. ए४ आकाराच्या एका पानाची न दाबलेली टिफ फाइल सुमारे ४६ एमबी होते. ७४ हजार पाने म्हणजे सुमारे ३.४ टीबी (टेराबाइट). स्वयंसेवक आले तर दिवसाला अडीचशे पाने होतात, म्हणजे रोज साडेअकरा जीबीची भर पडते. ८ टीबीची डिस्क घेतली तर आजचा संग्रह मावून आणखी जवळजवळ एक लाख पानांची सोय होते. त्याहून मोठी डिस्क घेण्याची आज गरज नाही आणि त्याहून लहान घेणे म्हणजे दोन वर्षांनी पुन्हा समितीपुढे हात पसरणे.

एका देणगीदाराने दिलेला जुना डेस्कटॉप वाचनालयात आहे. त्याच्या मदरबोर्डवर डिस्क जोडायच्या चार जागा आहेत; या जोडणीला साटा म्हणतात. एकीवर लहान एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) असून तिच्यावर लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली आहे; उरलेल्या तीन मोकळ्या आहेत. दोन डिस्क आत बसवून दोन्हींवर एकाच वेळी तोच मजकूर लिहिला जावा आणि तिसरी प्रत वाचनालयाच्या इमारतीबाहेर राहावी, असा आराखडा आहे. गोदावरीला पूर आला की आमच्या तळमजल्यापर्यंत पाणी येऊ शकते. त्यामुळे एकाच इमारतीत कितीही प्रती ठेवल्या तरी मला झोप लागणार नाही.

समितीने ४० हजार रुपये मंजूर केले आहेत. महात्मा गांधी रस्त्यावरील दुकानात चौकशी केली. चोवीस तास चालण्यासाठी बनवलेली ८ टीबीची आतली (संगणकाच्या आत बसवायची) डिस्क १९,२०० रुपयांना आहे. दोन घेतल्या की ३८,४०० झाले आणि तिसऱ्या प्रतीला पैसे उरले नाहीत.

२४ सप्टेंबर २०२३, रविवार

गणपतीच्या सुट्टीत पुतण्या घरी आला आहे. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने एक मार्ग सुचवला. तो म्हणाला, "काका, बाहेरून जोडायच्या मोठ्या डिस्कच्या प्लास्टिकच्या डब्यात साधी साटा डिस्कच असते. सेलमध्ये ती आतल्या डिस्कपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते. डबा उघडायचा आणि आतली डिस्क कॅबिनेटमध्ये बसवायची." मी आधी विश्वास ठेवला नाही. एकच वस्तू वर डबा, अ‍ॅडॉप्टर आणि केबल मिळूनही स्वस्त कशी असेल?

त्याचे उत्तर वॉरंटीत आहे. आतल्या, सतत चालणाऱ्या डिस्कला साधारणपणे तीन ते पाच वर्षांची हमी देतात. बाहेरच्या डिस्कला ती कमी असते, कारण ती अधूनमधून जोडली जाईल असे गृहीत धरलेले असते. शिवाय डबा उघडला की ती कमी असलेली हमीही आपण हातची घालवतो. त्यामुळे ही स्वस्ताई फुकटची नव्हे, हे मी वहीत आधी लिहून घेतले.

हातच्या उदाहरणावरून शिकावे म्हणून ती बंद पडलेली पोर्टेबल डिस्क उघडून पाहिली. तिचे २.५ इंची कवच कडेने सुटले, पण आत साटाची जोडणी नव्हतीच. यूएसबीचे तोंड थेट डिस्कच्याच हिरव्या पट्टीवर झाळलेले होते. अशी डिस्क संगणकात बसवता येत नाही. सर्वच छोट्या डिस्क अशा नसतात, तरी आमच्यासाठी नियम ठरला: खिशात मावणारी, केवळ यूएसबीच्या विजेवर चालणारी डिस्क या कामासाठी घ्यायची नाही. स्वतंत्र १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लागणारी, पुस्तकाएवढी ३.५ इंची डिस्कच घ्यायची.

३० सप्टेंबर २०२३, शनिवार

समितीची बैठक झाली. कोषाध्यक्षांचा आक्षेप सरळ होता: लोकांच्या वर्गणीतून वस्तू घ्यायची, ती फोडायची आणि हमी घालवायची, हे लेखापरीक्षकाला कसे सांगणार? मला हा आक्षेप रास्त वाटला आणि मी तसे म्हणालो. मग आकडे मांडले. बाहेरची ८ टीबी डिस्क मागच्या सेलमध्ये १२,८०० रुपयांना होती. त्या तीन घेतल्या तरी ३८,४०० रुपयेच होतात. ज्या रकमेत आतल्या दोन डिस्क येतात, त्याच रकमेत या तीन येतात. म्हणजे हमी घालवून आपण पैसे वाचवत नाही. त्या पैशांतून तिसरी प्रत विकत घेतो. एखादी डिस्क दोन वर्षांनी बिघडली तर कंपनी नवी डिस्क देईल, पण त्यावरची पाने देणार नाही. पानांची हमी दुसऱ्या प्रतीतच असते.

पूर्वीचे उदाहरण विचारले गेले म्हणून तेही सांगितले. २०११ मध्ये थायलंडमधील महापुरात हार्ड डिस्कचे कारखाने बुडाले आणि जगभर टंचाई झाली. त्या वेळी बॅकब्लेझ या अमेरिकेतील साठवण कंपनीने दुकानादुकानांतून बाहेरच्या डिस्क गोळा करून, त्यांचे डबे उघडून, आतल्या डिस्क आपल्या यंत्रांत वापरल्या होत्या.

अध्यक्षांनी आपल्या फोनवरची एक जाहिरात दाखवली. १६ टीबीची डिस्क दोन हजार रुपयांत. अशा डब्यांत बहुधा लहानशी मेमरी चिप असते आणि तिचा नियंत्रक संगणकाला खोटी क्षमता सांगतो. फाइली लिहिल्या जात असल्याचे दिसते, पण खरी जागा संपली की पुढचे सगळे हरवते किंवा जुन्यावरच लिहिले जाते. हे समजावून सांगायला वीस मिनिटे लागली, पण ती सत्कारणी लागली, कारण त्यानंतर ठराव एकमताने झाला. ठरावात दोन अटी घातल्या: बिल संस्थेच्या नावे जीएसटीसह हवे, आणि तीनपैकी एक डिस्क उघडायची नाही.

८ ऑक्टोबर २०२३, रविवार

सेल सुरू झाला. दर अपेक्षेप्रमाणे १२,८०० निघाला. तीन डिस्क मागवल्या. मागवण्याआधी परतीची मुदत वाचून घेतली: माल हातात आल्यापासून १० दिवस.

खोक्यावर आतल्या डिस्कचा मॉडेल क्रमांक लिहिलेला नसतो, ही या सौद्यातील खरी जोखीम आहे. त्याच नावाच्या, त्याच क्षमतेच्या दोन डब्यांत वेगवेगळ्या जातीच्या डिस्क निघू शकतात. आमच्या दृष्टीने महत्त्वाचा भेद सीएमआर आणि एसएमआर हा आहे. पहिल्या प्रकारात डिस्कवरील लेखनाचे पट्टे एकमेकांशेजारी पण वेगळे असतात. दुसऱ्यात ते छपराच्या कौलांसारखे एकमेकांवर अंशतः चढवलेले असतात. त्यामुळे थोड्या जागेत जास्त मावते, पण मधला एक पट्टा बदलायचा तर त्यावर चढलेले पुढचेही पुन्हा लिहावे लागतात. एकदा लिहून ठेवून द्यायच्या प्रतीला हे चालते. दोन डिस्कच्या जोडीत मात्र एक बिघडून नवी भरायची वेळ आली की एसएमआर डिस्क फार रेंगाळू शकते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटल या कंपनीच्या 'रेड' नावाच्या काही डिस्क न सांगता एसएमआर केलेल्या आढळल्या. त्यावर गदारोळ झाला आणि त्यानंतर कंपन्यांनी कोणत्या मॉडेलमध्ये कोणती पद्धत आहे याचे तक्ते जाहीर केले. त्या तक्त्यांची छापील प्रत काढून ठेवली आहे.

१३ ऑक्टोबर २०२३, शुक्रवार

तिन्ही खोकी आली. सील तपासले, अनुक्रमांक जडसंग्रह (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीत उतरवले आणि डिस्कना अ, ब, क अशी नावे दिली. खोक्यावर हमी २ वर्षांची आहे.

डबा न उघडताही आतली डिस्क ओळखता येते. यूएसबीने जोडून स्मार्टसीटीएल हा डिस्कची माहिती वाचणारा प्रोग्राम चालवला की बहुतेक डब्यांतून डिस्कचा मॉडेल क्रमांक, तिचा स्वतःचा अनुक्रमांक आणि आजवर चाललेले तास कळतात. अ, ब, क तिन्हींचा मॉडेल एकच निघाला. तक्त्याप्रमाणे तो सीएमआर आहे. चाललेले तास शून्य, म्हणजे माल कोणाच्या हातून परत आलेला नाही.

संध्याकाळी अ डिस्कवर लिहिण्याची चाचणी सुरू केली तर वेग सेकंदाला ३८ एमबीच्या वर जाईना. मला डिस्कचाच संशय आला. पुतण्याने फोनवर विचारले, "काका, केबल पुढच्या तोंडाला लावली आहे का?" तसेच होते. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूची तोंडे यूएसबी २.० आहेत. त्या वेगाने ८ टीबी एकदा लिहायला जवळजवळ अडीच दिवस लागले असते. मागची दोन निळी तोंडे यूएसबी ३.० आहेत. तिथे लावताच वेग १८५ झाला.

१५ ऑक्टोबर २०२३, रविवार

अ आणि ब या दोन डिस्क काल सकाळपासून मागच्या तोंडांना जोडून एकदम तपासायला लावल्या होत्या. पद्धत अशी: बॅडब्लॉक्स या तपासणीच्या प्रोग्रामने संपूर्ण डिस्कवर एक नमुना लिहायचा, तोच पूर्ण वाचून ताडून पाहायचा आणि मग स्मार्टची (डिस्क स्वतःच स्वतःला तपासते त्या सोयीची) दीर्घ चाचणी चालवायची. बॅडब्लॉक्स सुरुवातीला चालायलाच तयार नव्हते, कारण नेहमीच्या लहान गटांत मोजले की ८ टीबीचे आकडे त्याच्या मोजणीत मावत नाहीत. गट ४०९६ बाइटचा केल्यावर चालले. लिहायला सुमारे १५ तास, वाचायला तितकेच आणि दीर्घ चाचणीला साडेसोळा, म्हणजे दर डिस्कमागे जवळजवळ दोन दिवस. वेग सुरुवातीला १८५ असतो आणि शेवटाकडे शंभराच्या खाली येतो. हा बिघाड नव्हे. तबकडीच्या बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात जास्त मजकूर बसतो, आतल्या बाजूला कमी.

आज पहाटे वीज गेली आणि दोन्ही चाचण्या अर्ध्यावर तुटल्या. वाचनालयाचा इन्व्हर्टर फक्त दिवे आणि पंख्यांवर आहे. दुपारी घरचा यूपीएस रिक्षात घालून आणला आणि चाचण्या पहिल्यापासून लावल्या.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. बंद डब्यात, पंख्याविना, सतत लिहिताना डिस्कचे तापमान ५४ अंशांवर गेले. ऑक्टोबरची उष्णता आहे हे खरे, पण मे महिन्यात काय होईल? टेबलफॅन समोर लावल्यावर ते ४३ वर आले. डबा उघडून डिस्क कॅबिनेटच्या पंख्यासमोर बसवण्याला पैशांखेरीज हेही एक कारण आहे.

१८ ऑक्टोबर २०२३, बुधवार

अ निर्दोष निघाली. ब निघाली नाही.

वाचनाचा टप्पा साठ टक्क्यांच्या पुढे गेल्यावर ब डिस्कचा वेग मधूनच शून्यावर यायचा, दहा-बारा सेकंद थांबायचा आणि पुन्हा चढायचा. स्मार्टच्या तक्त्यात १९७ व्या ओळीत, म्हणजे वाचता न आलेल्या आणि निर्णय बाकी असलेल्या सेक्टरांच्या (डिस्कवरील लहान कप्प्यांच्या) रकान्यात, सकाळी ८ हा आकडा होता, दुपारी २४ झाला. दीर्घ चाचणीही 'वाचनात दोष' असे सांगून थांबली. नवी डिस्क, येऊन पाचच दिवस झालेली. नाशिकरोडच्या मुद्रणालयातील नोकरीत आमच्या विभागात मोजल्याखेरीज कागदावर सही होत नसे. त्या सवयीने आज संस्थेचे १२,८०० रुपये वाचवले. डिस्क आल्याच दिवशी डबा उघडला असता तर आता तिला परत घेणारे कोणी नसते.

तक्त्याचा पडद्यावरचा फोटो जोडून परतीचा अर्ज केला. ब च्या जागी क चाचणीला लावली.

२६ ऑक्टोबर २०२३, गुरुवार

दसरा झाल्यावर बदली डिस्क आली. तिला ड म्हटले आहे. खोके तेच, नाव तेच, किंमत तीच. पण स्मार्टसीटीएलमध्ये मॉडेल वेगळा. तक्त्यात पाहिले तर ती एसएमआर आहे. याला फसवणूक म्हणता येत नाही, कारण खोक्यावर त्याबद्दल काही वचनच दिलेले नाही. पण अ आणि क निर्दोष आहेत आणि एक डिस्क बंदच ठेवायची हे समितीने आधीच ठरवले आहे. तेव्हा ड ही इमारतीबाहेरची प्रत. तिच्यावर आठवड्यातून एकदा नवी पाने शेवटी जोडली जातील, जुनी बदलली जाणार नाहीत, आणि तिची हमीही शाबूत राहील.

ड ची चाचणी आजपासून.

५ नोव्हेंबर २०२३, रविवार

अ आणि क उघडल्या. ड ची चाचणी मागेच निर्दोष पार पडली आहे.

उघडण्याचे काम बळाचे नाही, धीराचे आहे. डब्याला बाहेरून एकही स्क्रू नाही. आतले कवच बाहेरच्या कवचात चार खाचांनी अडकलेले असते. मुदत संपलेली चार एटीएम कार्डे घेतली. मागच्या फटीत एक सरकवून किंचित तिरपे केले की 'टक्' असा आवाज येतो आणि खाच सुटते. ते कार्ड तिथेच ठेवून दुसरे पुढच्या खाचेशी घालायचे, नाहीतर सुटलेली खाच पुन्हा बसते. चौथी सुटल्यावर आतला भाग ड्रॉवरसारखा पुढे सरकतो. पहिल्या डब्याला चाळीस मिनिटे लागली आणि त्याची एक खाच तुटली. दुसऱ्याला दहा मिनिटे लागली आणि काही तुटले नाही.

आत डिस्कच्या चारही बाजूंना रबरी तुकडे बसवलेले आहेत, हादरे शोषण्यासाठी. मागे बोटभर लांबीची यूएसबी पट्टी साटाच्या तोंडात खोचलेली आणि एका स्क्रूने धरलेली. स्क्रू काढून ती अलगद ओढली की हातात उरते ती साधी ३.५ इंची साटा डिस्क, पांढऱ्या लेबलाची. डबे, पट्ट्या, रबर, स्क्रू आणि अ‍ॅडॉप्टर प्रत्येक डिस्कच्या नावाच्या पिशवीत भरून ठेवले. ती पट्टी आणि अ‍ॅडॉप्टर पुढे कोणतीही सुटी साटा डिस्क यूएसबीने वाचायला उपयोगी पडतील.

उघडण्याआधी या दोन डिस्कवर आम्ही एकही खरे पान ठेवले नव्हते. ते मुद्दाम. वेस्टर्न डिजिटलच्या माय बुकसारख्या काही डब्यांत यूएसबीची पट्टीच मजकूर कूटबद्ध करून लिहिते. तिच्याशिवाय डिस्क थेट जोडली तर तो मजकूर वाचता येत नाही. दुसऱ्या काही पट्ट्या सेक्टरचा आकार ५१२ ऐवजी ४०९६ बाइट सांगतात, त्यामुळे थेट जोडल्यावर विभागणीचा तक्ता जुळत नाही. आधी उघडायचे, नव्याने स्वरूपण (फॉरमॅट) करायचे आणि मगच भरायचे, हाच क्रम बरोबर आहे.

६ नोव्हेंबर २०२३, सोमवार

दोन्ही डिस्क कॅबिनेटमध्ये बसवल्या. तळाची मधली छिद्रे नेहमीच्या जागी नसल्याने कडेच्या छिद्रांवरच घट्ट केल्या. संगणक चालू केला. दोन्ही गप्प. गरगर नाही, कंप नाही, बायोसमध्ये (संगणक सुरू होताना दिसणाऱ्या यादीत) नाव नाही. ग्रंथपाल बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारले, "सर, दोन्ही एकदम गेल्या का?" त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हते.

रात्री पुतण्याने कारण सांगितले. साटाच्या वीजजोडणीला १५ पिना असतात. पहिल्या तीन ३.३ व्होल्टसाठी राखलेल्या होत्या. डेस्कटॉपच्या डिस्कना त्या विजेची गरज पडत नसे, तरी एसएमपीएसमधून (संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीतून) नारिंगी तारेने ती येत राही. पुढे मानकात बदल झाला आणि तिसऱ्या पिनेला नवे काम दिले गेले: तिच्यावर वीज आली तर डिस्कने बंद राहायचे. शेकडो डिस्क असलेल्या केंद्रात एखादी अडकलेली डिस्क दुरून बंद करून पुन्हा चालू करता यावी, म्हणून ही सोय आहे. आमच्या डिस्क त्या नव्या वळणाच्या आहेत आणि आमचा एसएमपीएस जुन्या वळणाचा. एसएमपीएस अखंड ३.३ व्होल्ट देतो आणि डिस्क ती 'बंद राहा' अशी आज्ञा समजून पाळते. डब्याच्या पट्टीवरून ती वीज येतच नव्हती, म्हणून तिथे सगळे सुरळीत होते.

८ नोव्हेंबर २०२३, बुधवार

उपाय तीन आहेत: नारिंगी तार कापणे, मोलेक्स या जुन्या वीजजोडणीतून साटा करणारी जोडतार वापरणे, किंवा पिना झाकणे. एसएमपीएस देणगीतला आहे, त्याची तार कापायला मन होईना. मोलेक्सच्या तारेत ३.३ व्होल्ट नसतात, म्हणून तो उपाय चालतो. पण साच्यात ओतलेल्या स्वस्त जोडतारांत आतल्या तारा एकमेकींना टेकून त्या वितळल्याची आणि पेटल्याची उदाहरणे आहेत. कागदांनी भरलेल्या इमारतीत मी ती लावणार नाही. पिना झाकायचे ठरले.

त्यासाठी कॅप्टॉन टेप लागते, मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ती पिवळी पारदर्शक उष्णतारोधक पट्टी. महात्मा गांधी रस्त्यावर एका दुरुस्तीवाल्याने हातभर तुकडा पैसे न घेता दिला. विजेच्या कामाची काळी टेप इथे चालत नाही. ती जाड असते आणि उष्णतेने तिचा गोंद सरकतो.

दोन पिनांच्या मध्यांतील अंतर १.२७ मिमी असते. म्हणजे तीन पिनांसाठी पावणेचार मिमी रुंदीची पट्टी हवी. स्टीलच्या पट्टीवर ब्लेडने कापली. मोजायचे डेटाच्या लहान तोंडाकडून: त्याच्या लगतची पहिली, मग दुसरी, तिसरी. भिंगाखाली चिमट्याने पट्टी ठेवली, काडीने दाबली आणि टोक मागे दुमडले, म्हणजे तार घालताना ती सरकणार नाही. पहिल्या वेळी चौथी पिनही झाकली गेली. चौथी, पाचवी, सहावी भूमीच्या पिना असल्याने डिस्क तशीही चालली असती, पण काढून पुन्हा लावली.

बटण दाबले. आधी अ, मग क, एकामागोमाग दोघींची गरगर ऐकू आली. बायोसमध्ये दोन्ही नावे दिसली.

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार

दिवाळीत वाचनालय बंद होते, त्या दिवसांत शांतपणे काम झाले. अ आणि क यांची झेडएफएस या फाइली साठवण्याच्या पद्धतीत जोडी केली. ही पद्धत निवडण्याचे कारण असे की प्रत्येक गटाबरोबर ती पडताळणीची संख्या लिहून ठेवते. एका डिस्कवरचा मजकूर कालांतराने मुकाट्याने बिघडला तरी वाचताना ते कळते आणि दुसऱ्या डिस्कवरून तो दुरुस्त होतो. नुसत्या आरशासारख्या जोडीत दोन प्रती जुळत नसल्या तर खरी कोणती ते कळायला मार्ग नसतो.

अध्यक्षांनी विचारले की आठचे सव्वासात कसे झाले. कंपनी दशमानात मोजते आणि संगणक १०२४ च्या पटीत. ८ टीबी म्हणजे त्या मोजणीत ७.२८. काही गहाळ झालेले नाही.

पोर्टेबल डिस्कवरची ३.४ टीबी पाने आत उतरवून घेतली आणि फाइलगणिक पडताळा केला. कॅबिनेटच्या पंख्यासमोर तापमान ३८ ते ३९ अंश राहते.

२७ नोव्हेंबर २०२३, सोमवार

काल संध्याकाळी जिल्ह्यात अवकाळी पाऊस झाला आणि निफाडच्या बाजूला गारपीट. वाचनालयात वीज गेली ती रात्रभर. यूपीएसने बारा मिनिटे साथ दिली आणि संगणक तसाच बंद पडला, कारण बॅटरी संपत आली की आपणहून बंद हो, अशी सूचना मी त्याला दिलेली नव्हती. आज सकाळी सुरू करून आधी संपूर्ण स्क्रब चालवला, म्हणजे लिहिलेला प्रत्येक गट वाचून पडताळला. सुमारे सात तास लागले. चुका शून्य. त्यानंतर यूपीएसची डेटा केबल जोडून ती सूचना दिली आणि प्लग काढून दोनदा खात्री केली.

३१ डिसेंबर २०२३, रविवार

डिसेंबरचा स्क्रब काल झाला, चुका नाहीत. अ आणि क दोन्हींच्या स्मार्ट तक्त्यात ५, १९७ आणि १९८ या बिघडलेल्या सेक्टरांच्या ओळी शून्यावर आहेत. पिनांवरची पट्टी उघडून पाहिली. जागची हललेली नाही.

ड वर संपूर्ण प्रत उतरवून ती माझ्या घरी, इंदिरानगरला, दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात ठेवली आहे. दर रविवारी ती पिशवीतून वाचनालयात येईल, आठवड्याची पाने घेईल आणि परत जाईल. जडसंग्रह नोंदवहीत अ आणि क यांच्यापुढे डब्याचा आणि आतल्या डिस्कचा असे दोन्ही अनुक्रमांक, 'कवच उघडले, हमी समाप्त' हा शेरा आणि ठरावाची तारीख लिहिली. कोषाध्यक्षांनी वाचून सही केली.

सप्टेंबरमध्ये गेलेल्या १,१४० पानांचे अंक कपाटातून पुन्हा काढले होते. त्यांपैकी १,१०२ पाने या महिनाअखेर पुन्हा स्कॅन झाली. उरलेली ३८ पाने पहिल्या वेळीच काचेवरून उचलताना तुकडे होऊन गेली होती. त्यांचे स्कॅन तेवढे राहिले होते आणि ते त्या डिस्कबरोबर गेले. ग्रंथपाल बाईंनी सूचीत त्या ३८ पानांपुढे 'प्रत उपलब्ध नाही' असे लिहिले आहे.